रिंगणातला धावता अश्व फोटोत धरायचा कसा?

शिवारफेरी
राम कृष्ण हरी मंडळी.

गेल्या वर्षी पुरंदवड्याला माउलींच्या पालखीचं गोल रिंगण बघायला गेलो होतो. कॅमेरा नुकताच घेतलेला, लेन्स ५५-२५० मिलिमीटरची झूम. सकाळीच जाऊन दोरीजवळ जागा धरली. रिंगण संपलं तेव्हा कार्डात १,३४० फोटो होते. घरी येऊन रात्री दीड वाजेपर्यंत एकेक उघडून पाहिला आणि फ्रेम करून भिंतीला लावावा असा एकही निघाला नाही. त्यातल्या त्यात बऱ्या फोटोत माउलींचा अश्व अर्धा आहे, त्याच्या पोटावरून समोरच्या माणसाचा हात गेलाय आणि फोकस अश्वावर नसून पलीकडे टाळ धरून उभ्या असलेल्या एका वारकऱ्यावर आहे. तो वारकरी मात्र सुईसारखा टोकदार आलाय.

स्पोर्ट्स मोडवर ठेवलं होतं, बटण दाबून धरलं की सेकंदाला पाच फोटो निघतात. अश्व पांढरा, तो बऱ्याच फोटोंत चुन्यासारखा सपाट झालाय, अंगावरचा एक केस दिसत नाही.

या वर्षी पुन्हा जाणार आहे. नवी लेन्स घेणं जमणार नाही, आहे त्याच सामानात काय करता येईल ते सांगा. शटर किती, फोकस कसा, उभं कुठं राहायचं? रिंगणाचेच नाही, कुठल्याही उघड्या मैदानावरच्या पळत्या गोष्टीचे फोटो काढणाऱ्यांनी लिहावं. माझं चुकतंय कुठं ते मला मुळापासून समजून घ्यायचंय.

रानवाट
शिवारफेरी, चांगला धागा काढलात. मी पक्षी आणि वन्यप्राणी टिपतो, पण हिशोब तोच.

भरधाव घोडा ताशी ४५ किलोमीटरनं पळतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो वीस सेंटिमीटरच्या वर सरकतो, १/२५० मध्ये पाच, १/१००० मध्ये सव्वा सेंटिमीटर. तुमच्यासमोरून आडवा जात असेल तर १/१००० च्या खाली उतरू नका. आणि हा वेग झाला धडाचा. जमिनीवर टेकलेला खूर क्षणभर स्थिर असतो, मग तो पुढे फेकला जातो तेव्हा धडापेक्षा कितीतरी जोरात येतो. म्हणून १/५०० ला डोकं स्वच्छ येतं आणि पाय पुसट. पाय हवे असतील तर १/१६००.

तोच घोडा सरळ तुमच्याकडे येत असेल तर १/६४० लासुद्धा काम होतं, कारण चौकटीत तो आडवा फारसा सरकत नाही. तिथं शटरपेक्षा फोकसचा कस लागतो.

आता तुमचा तो टोकदार वारकरी. स्पोर्ट्स मोडमध्ये फोकस कुठं धरायचा हे कॅमेरा ठरवतो, आणि तुमच्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखण्याची सोय चालू असणार. रिंगणाच्या कडेला हजारो चेहरे. कॅमेऱ्याला चेहरे दिसले, त्यानं चेहरे धरले. ती सोय आधी बंद करा. फोकस सततच्या मोडवर ठेवा, कॅननला सर्वो म्हणतात, निकॉन-सोनीला एएफ-सी. एकच बिंदू किंवा मधल्या बिंदूंचा छोटा पुंजका निवडा आणि तो अश्वाच्या मानेच्या मुळाशी, खांद्यावर ठेवा. डोक्यावर नको, डोकं सारखं हलतं, बिंदू घसरून मागच्या गर्दीवर जातो.

जमलं तर फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या, अंगठ्याच्या बटणावर द्या. अंगठा दाबला की पाठलाग, सोडला की जिथल्या तिथं. सुरुवातीचे चार दिवस बोटं गोंधळतात, मग परत जुन्या पद्धतीकडे जावंसं वाटत नाही.

बुक्का
आमच्या घरी तीन पिढ्यांची वारी आहे, मी लग्नाआधी सात वर्षं चाललेय. कॅमेऱ्यातलं रानवाट सांगतील, मी रिंगणातलं सांगते.

अश्व रिंगणात एकदम येत नाहीत. आधी पताका घेतलेले वारकरी धावतात. मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात, पखवाजवाले धावतात. त्यानंतर अश्व. एक स्वाराचा आणि एक माउलींचा, त्यावर कुणी बसत नाही. सगळे त्याच वाटेनं, त्याच दिशेनं.

दादा, तुम्ही १,३४० पैकी किती फोटो पताकावाल्यांचे काढले? माझा अंदाज, फार थोडे. सगळे अश्वाची वाट बघत मोबाईल वर धरून बसतात. पण पताकावाले धावतात तीच तुमची रंगीत तालीम असते. वळण कुठं आवळतं, धावणारा तुमच्यापासून किती हातांवरून जातो, त्याच्या मागे मंडपाचा खांब येतो की मोकळं आभाळ, हे सगळं तुम्हाला अश्वाच्या आधी फुकट बघायला मिळतं. त्यावर सगळं लावून घ्या, तुळशीवाल्या बायकांवर पक्कं करा.

आणि एक. तुळस घेऊन धावणाऱ्या बाईकडे नुसती तालीम म्हणून बघू नका. एक हात वृंदावनाला, दुसऱ्या हातात निऱ्या, कपाळावरचा बुक्का घामानं ओघळलेला. अश्वाचा फोटो दर वर्षी हजार जण काढतात. त्या बाईचा कुणी काढत नाही.

पावसाळी
बुक्काताईंना +१. विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

डार्करूम
माझं वय आता ६८. मी फिल्मवर वारी केली आहे. खांद्यावरच्या पिशवीत पाच रोल, एका रोलमध्ये ३६ फोटो, आळंदी ते पंढरपूर तेवढेच. रिंगणाला एक रोल राखून ठेवायचा. तो मध्येच संपला तर बदलायला जो वेळ लागतो त्यात रिंगण संपतं.

पाच फोटो प्रतिसेकंद म्हणता. रानवाटांचाच हिशोब पुढे नेतो. सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे तुमच्या दोन फोटोंच्या मध्ये अश्व अडीच मीटर पुढे गेलेला असतो. हवा तो क्षण त्या अडीच मीटरमध्ये कुठंतरी राहून जातो. बटण दाबून धरलं की आपण निवड मशीनवर सोपवतो. मशीनला रिंगण कळत नाही.

क्षण कोणता, तेही आधी ठरवावं लागतं. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो अल्टोला एडवर्ड मायब्रिजनं धावपट्टीच्या कडेला ओळीनं कॅमेरे मांडले, प्रत्येकाच्या शटरचा दोरा वाटेवर आडवा ताणला. घोडी दोरे तोडत गेली आणि एकेक चित्र उमटत गेलं. तोपर्यंत चित्रकार घोडा रंगवायचे तो पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून, हवेत तरंगणारा. मायब्रिजच्या चित्रांत दिसलं ते वेगळं. चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेले असताना एखादा खूर तरी टेकलेलाच असतो.

तेव्हा ठरवा, तुम्हाला अधांतरी अश्व हवा की ताणलेला? मला गोळा झालेल्या पायांचा आवडतो, त्यात पुढची झेप दडलेली असते. घोडा सेकंदाला साधारण दोन-अडीच ढांगा टाकतो, एका ढांगेत मान एकदा खालीवर होते. त्या मानेचा ठेका डोळ्यांनी धरायचा आणि तालाच्या किंचित आधी बोट दाबायचं. पखवाज ऐकत वाढलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

रानवाट
काका, तुमच्याविषयी आदर आहे, पण इथं थोडं असहमत. सतत दाबून धरणं चूक, हे मान्य. पण तीन-तीन, चार-चार फोटोंचे छोटे हप्ते घेण्यात तोटा नाही. पहिला फोटो तुमच्या बोटाचा, ठेक्यावर घेतलेला. मागचे दोन खात्रीसाठी. पूर्ण दाबून धरलं की कॅमेऱ्याची साठवण भरते आणि माउलींचा अश्व स्वाराच्या अश्वाला गाठतो नेमक्या त्या वेळी कॅमेरा कार्डावर फोटो लिहीत बसतो. शिवारफेरींचं गेल्या वर्षी तेच झालं असणार.

आणखी एक, ज्यांच्याकडे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा आहे त्यांच्यासाठी. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर पळत्या गोष्टीला वापरू नका. बहुतेक कॅमेऱ्यांत ते चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतं, तेवढ्यात पाय पुढे जातात आणि फोटोत वाकडे येतात. पताकेची सरळ काठीही तिरकी दिसते. यांत्रिक शटरच ठेवा.

शिवारफेरी
रानवाट, अगदी बरोबर ओळखलंत. तिसऱ्या फेरीला कॅमेरा अडकला होता, मी बटण दाबतोय आणि काहीच होत नाही. त्याच वेळी लोकांचा ओरडा झाला.

काका, बुक्काताई, मनापासून आभार. ताई, तुमचा अंदाज खरा आहे. पताकावाल्यांचे फक्त अकरा फोटो आहेत, तुळशीवाल्या बायकांचा एकही नाही.

आता जागेचं सांगा. दोरीला चिकटून पहिल्या रांगेत बसायचं, की मागे उंचावर?

चौकट
जागेबद्दल मी लिहितो, कारण माझ्या मते सगळं तिथंच ठरतं.

लोक विचारतात, अश्व कुठून जवळ दिसेल. मी आधी विचारतो, त्याच्या मागे काय दिसेल. तुमच्या बऱ्यातल्या फोटोत मागे गर्दी, मंडप, हात. सगळं तेवढंच ठळक. डोळा अश्वावर टिकणारच नाही. मैदानात पोचलात की बसायच्या आधी बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा. मागे पांढऱ्या टोप्यांची सलग भिंत मिळेल अशी जागा, किंवा नुसत्या पताका आणि ढग मिळतील अशी. फ्लेक्सचे फलक, वाहिन्यांच्या गाड्या, पाण्याचे टँकर यांच्यासमोरची जागा कितीही मोक्याची वाटली तरी सोडा.

दुसरं, बसा. उभ्यानं काढलेल्या फोटोत अश्वाच्या पायांमागे मातीच येते, खूर मातीत मिसळतात. जमिनीवर मांडी घालून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणलात की खुरांखाली फट दिसायला लागते. अधांतरी अश्व अधांतरी दिसायला ती फट लागते. मागे उंचावरून मात्र रिंगणाचा पूर्ण गोल मिळतो, तो फोटो वेगळा, तोही हवाच. पण दोन्ही एका रिंगणात करायला गेलात तर एकही होत नाही. यंदा एक ठरवा.

तिसरं, वळण. सरळ आडवा जाणारा अश्व म्हणजे नुसती बाजू. वळणावर तो आतल्या अंगाला झुकतो, मान वळते, छाती आणि डोळे दोन्ही दिसतात. वर्तुळातला असा तुकडा शोधा जिथून तो तुमच्याकडे तिरका येतोय. त्या तुकड्यावर जमिनीतली खूण धरा, गवताचा झुबका, खडा, काहीही. तिथं आला की फोटो. आधी नाही, नंतर नाही.

आता पांढऱ्याबद्दल. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं करडं समजून उजेड मोजतं. चौकटभर पांढरे सदरे आले की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते सगळं मळकट करतं. उलट काळ्या ओल्या मातीवर एकटा पांढरा अश्व आला की त्याला वाटतं अंधार आहे, आणि अश्वाचा चुना होतो. म्हणजे एकाच फेरीत मीटर दोन्ही बाजूंनी फसतं. त्यामुळे मॅन्युअल, म्हणजे आकडे आपले आपण लावायचे. आधी पताकावाल्यांच्या टोप्यांवर फोटो काढून बघा, टोपीची घडी दिसतेय ना? दिसत असेल तर तेच आकडे ठेवा. घडी गेली असेल तर उजेड थोडा उतरवा. टोपी सावरली की अश्वही सावरतो. आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं न दाबलेल्या कच्च्या फाईलमध्ये काढा, पांढऱ्याचा थोडा तपशील त्यात परत आणता येतो.

आषाढातलं आभाळ घटकेत बदलतं. त्याची भीती असेल तर शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा) पक्कं करून आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा, वरची मर्यादा ३२०० आणि एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, दोन तृतीयांश स्टॉप खाली. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. दोन्ही पद्धती चालतात, मी पहिली वापरतो.

घाटातला गाडा
आमच्याकडं बैलगाड्याचे घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या. मी खेडचा. शर्यतींवर २०१४ ला बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं कायदा वैध ठरवला. तेव्हापासून प्रत्येक यात्रेत कॅमेरा घेऊन असतो. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटली की पुढं घोडी, मागं बैल, भंडारा उधळलेला आणि धुरळा. काही सेकंदांत घाट संपतो. दुसरी संधी नाही.

वर सगळ्यांनी गोठवायचं सांगितलं. मी उलट सांगतो. १/२००० ला काढलेला बैल पळतोय की पुतळा आहे, कळत नाही. वेग दाखवायचा तर शटर हळू करायचं आणि कॅमेरा बैलाबरोबर फिरवायचा, याला पॅनिंग म्हणतात. १/६०, फार तर १/८०. पाय फाकवून घट्ट रोवायचे, कोपर बरगडीला, आणि कमरेतून वळायचं. पाय ठेवायचे ते बारी जिथं संपवायची त्या दिशेला तोंड करून, मग कंबर मागं पिळून बैल घ्यायचा. म्हणजे वळताना अंग पिळत नाही, सुटत जातं. बटण दाबल्यावरही कॅमेरा थांबवायचा नाही, फिरवत राहायचा. नव्वद टक्के लोक बटण दाबलं की थांबतात, आणि फोटो तिथंच बिघडतो.

दहातला एक येतो. पण त्या एकात बैलाचा डोळा स्वच्छ आणि मागची सगळी जत्रा रंगाच्या रेघा झालेली असते.

भर उन्हात १/६० ला फोटो पांढरा पडतो. आयएसओ १०० वर कडक उन्हात एफ १६ ला शटर १/१०० च्या आसपास लागतं, त्यामुळं एफ २० पर्यंत बंद करा (आकडा मोठा तसं भोक लहान) नाहीतर पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढची फिल्टरची काच लावा, तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो. ढग असले तर प्रश्नच नाही.

तालीम कुठं करायची? पहाटे रस्त्यावर उभं राहायचं, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली जातात त्यांच्यावर. मी दोन महिने तेच केलं. आता दूधवाले हात करतात.

शिवारफेरी
दादा, दुधाच्या गाड्यांचं उद्यापासूनच सुरू करतो. आमच्या कोपऱ्यावर डेअरी आहे.

सांजवात
ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांचं काय? माझ्याकडे फोन आहे. तुकोबांच्या पालखीबरोबर इंदापूरचं रिंगण मी फोनवरच काढलं, आणि त्यातले दोन फोटो मला मनापासून आवडतात. जे उपयोगी पडलं ते लिहिते.

झूम करायचं नाही. लांबच्या लेन्सला उजेड कमी मिळतो, मग फोन शटर हळू करतो आणि अश्व पुसला जातो. मुख्य लेन्सच ठेवायची आणि जमेल तितकं जवळ बसायचं. अश्व जिथून जाणार त्या जमिनीवर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड तिथं कुलूपबंद होतात. मग बोट थोडं खाली ओढून उजेड जरा उतरवायचा. एचडीआर बंद करता येत असेल तर बंद, कारण फोन दोन-तीन चित्रं एकावर एक ठेवतो आणि पळत्या अश्वाला सहा पाय येतात. फोनमध्ये प्रो मोड असेल तर त्यात शटर १/१००० करता येतं. लेन्स पुसायची, हे सगळ्यात आधी. खिशातल्या फोनच्या काचेवर बोटाचा तेलकट डाग असतोच.

शिवाय फुगड्या. रिंगणानंतर जिथं बायका फुगडी घालतात तिथं थोड्या उंचावरून, शटर १/१५ वर ठेवून, फोन कशाला तरी टेकवून काढा. मधले एकमेकांत अडकलेले हात जवळजवळ स्थिर येतात आणि भोवती पदरांचा भोवरा होतो. माझ्या आवडत्या दोनांतला एक तोच आहे.

डार्करूम
सांजवात, तुम्ही जमिनीवर फोकस बांधून ठेवता ते मला फार आवडलं. आम्हीही तेच करायचो, ऑटोफोकस नव्हताच. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ ८, फोकस पाच मीटरवर. म्हणजे साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्वच्छ. मग फोकस हा विषयच डोक्यातून जातो, डोळा फक्त माणसांकडे राहतो. उभ्या रिंगणाला, चांदोबाच्या लिंबाला, दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या असतात आणि अश्व मधून जातात, इतक्या जवळून की त्यांचा वारा अंगाला लागतो. तिथं लांब लेन्सचा उपयोग नाही. ही जुनी पद्धत तिथं आजही चालेल.

वीणेकरी
माउली, मी दिंडीत विणा घेऊन चालतो. फोटोग्राफर मंडळींना एक विनंती आहे आणि ती इथं लिहिणं मला गरजेचं वाटतं.

काही वर्षांपूर्वी एका रिंगणात एक जण कॅमेरा घेऊन दोरीखालून आत आला. अश्व वळणावर होते. त्याला बघून स्वाराचा अश्व बिचकला आणि बाहेरच्या अंगाला गेला, तिथं बायका-मुलं बसलेली. चोपदारांनी आणि स्वारानं सावरलं म्हणून काही झालं नाही. मी दहा पावलांवर होतो. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दोरी ही दोरी आहे. फ्लॅश नको, कुठलंही जनावर त्यानं बुजतं. ड्रोन नको. आणि रिंगण संपल्यावर लोक अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात, तेव्हा वाटेत तिपाई मांडून बसू नका. त्या मातीसाठी म्हातारी माणसं येतात. तुम्हाला खरंच चांगला फोटो हवा असेल तर त्या वेळी कॅमेरा अश्वावरून काढून त्या वाकलेल्या पाठींवर न्या. हात मातीकडे जातो आणि मग कपाळाकडे, त्या दोन क्षणांच्या मध्ये जो चेहरा असतो तो बघा.

चौकट
वीणेकरी महाराज, शंभर टक्के. हे सगळ्यात वर असायला हवं होतं.

पावसाळी
पावसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. किराणा दुकानात मिळणारी जाड पारदर्शक पिशवी, तळाला लेन्सच्या तोंडाएवढं भोक, भोकाच्या कडेला रबर. दहा रुपयांत काम होतं. लेन्सचं हूड, म्हणजे तोंडावरची कडी, उलटं लावून ठेवू नका, सरळ लावा, थेंब काचेवर येत नाहीत. पुसायला सुती पंचा, सदऱ्याची बाही नको. एसी गाडीतून एकदम बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते, तो पिशवीत बंद ठेवूनच बाहेर काढा आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. आणि मैदानात लेन्स बदलायची नाही. कितीही मोह झाला तरी.

शिवारफेरी
मंडळी, जाऊन आलो. परत आल्या आल्या लिहितोय, पाय अजून चिखलानं भरलेले आहेत.

आधी आकडा. १८६ फोटो. गेल्या वर्षीच्या सातव्या हिश्शाएवढे.

चौकट, मैदानाला पूर्ण चक्कर मारली. गेल्या वर्षीची माझी जागा लांबून पाहिली आणि कळलं, तिथून समोर थेट टँकर येतो. मी तिथं अख्खी सकाळ बसलो होतो आणि तो मला दिसला नव्हता. यंदा वळणावर बसलो, मांडी घालून, मागे टोप्यांची भिंत. शेजारी एक वारकरी आजोबा होते. त्यांना सांगितलं की अश्व इथून तिरका यायला हवाय, ते म्हणाले, "अजून चार हात डावीकडं सरक बाळ, तिथं माती खचलीय, तिथं तो अंग देतो." सरकलो.

पताकावाल्यांवर टोपीची घडी बघून उजेड लावला. ढग दाटून होते. १/१२५०, एफ ५.६, आयएसओ १०००. तुळशीवाल्या बायका आल्या तेव्हा सगळं लागलेलं होतं, त्यामुळे आकड्यांकडे बघावं लागलं नाही, नुसतं बघता आलं. त्यातली एक मावशी, वय साठीच्या पुढे, अनवाणी, वळणावर तिचा तोल जातोय असं वाटलं आणि मागच्या बाईनं धावता धावता तिच्या कोपराला हात दिला. तो हात आणि ते कोपर आलंय. तुळस सरळ आहे.

अश्वांच्या पहिल्या फेरीला मी कॅमेरा खाली ठेवला. मानेचा ठेका बघितला. दुसऱ्या फेरीला तीन-तीनचे दोन हप्ते, दोन्ही वाया, खुणेच्या आधी दाबलं. तिसऱ्या फेरीला आजोबांनी सांगितलेल्या ठिकाणी त्यानं खरंच अंग दिलं. एक फोटो. पाय पोटाखाली गोळा, खुरांखाली वीतभर फट, मागच्या डाव्या खुरातून सुटलेलं चिखलाचं ढेकूळ हवेत. पांढऱ्या खांद्यावरचे ओले केस मोजता येतात. डाव्या कानाचं टोक चौकटीच्या कडेला जरासं कापलं गेलंय.

बुक्काताई, घरी मोठा करून लावायला अश्वाचा न देता त्या मावशीचा दिलाय.

वीणेकरी महाराज, माती घ्यायला लोक धावले तेव्हा मी बाजूला झालो. आजोबांना उठायला हात दिला आणि दोघांनी माती घेतली. त्या वेळचा फोटो नाही.

डार्करूम
कानाचं टोक पुढच्या वर्षी. फोटो टाका.

घाटातला गाडा
आणि पॅनिंग? दुधाच्या गाड्यांवर केलेलं कुठं वापरलं?

शिवारफेरी
दादा, अश्वांवर धीर झाला नाही. पण पखवाजवाल्यांवर १/६० ला बारा फोटो केले. अकरा गेले. बाराव्यात पखवाजाची गोल काळी शाई आणि वादकाचा एक डोळा स्वच्छ आहे, बाकी सगळ्या भगव्या रेघा. फोटो रात्री चढवतो, इथं रेंज येत-जात आहे. चैत्रात तुमच्या घाटात यायचं म्हणतोय, बारी किती वाजता सुटते आणि ऊन कुठल्या बाजूनं असतं तेवढं कळवा.

घाटातला गाडा
या. सकाळी साडेसातला पोचा, ऊन घाटाच्या उजव्या अंगाला असतं, आपण डावीकडच्या बांधावर बसू. येताना पोलरायझर आणा, नसेल तर माझा देतो.